क्लिकचा टॉर्क पाना वापरूनही ड्रेन बोल्टचे आटे गेले : चूक नेमकी कुठे झाली?

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मी सांगलीत राहतो. माझ्या १२५ सीसी मोटारसायकलचे इंजिन ऑइल मी गेली सहा वर्षे घरीच बदलतो. इतके दिवस ड्रेन बोल्ट (जुने ऑइल काढायचा, इंजिनखालचा बोल्ट) साध्या रिंग पान्याने, मनगटाच्या अंदाजाने आवळत आलो आणि कधी काही बिघडले नाही. या वेळी मात्र काम शास्त्रशुद्ध व्हावे म्हणून मी अर्धा इंच ड्राइव्हचा (गोटी, म्हणजे सॉकेट, बसवायचा चौकोन), २८ ते २१० न्यूटन-मीटर (टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे एकक) मापाचा क्लिकचा टॉर्क पाना विकत आणला, आणि नेमक्या त्याच दिवशी इंजिनच्या केसिंगचे आटे गेले.

झाले ते असे. मॅन्युअलमध्ये ड्रेन बोल्टसाठी २४ न्यूटन-मीटर हा आकडा दिला आहे. पान्यावरची पहिली रेघ २८ ची असल्यामुळे मी मूठ त्या रेघेच्या खाली आणखी थोडी सैल फिरवली आणि अंदाजाने २४ धरले. बोल्ट आवळताना क्लिक ऐकू येईना, तेव्हा तो अजून सैल असावा असे समजून मी ओढत राहिलो. एका क्षणी बोल्ट हाताला एकदम मऊ लागला आणि त्यानंतर नुसताच फिरत राहिला. बाहेर काढला, तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचे चांदीच्या तारेसारखे वेटोळे अडकून आले होते. गॅरेजमध्ये हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून काम निभावले, पण पाना खराब निघाला की माझा हात चुकला, हे मला अजून उमगलेले नाही.

माझे चुलते म्हणतात की काट्याचा जुना टॉर्क पाना घेतला असता तर असे झालेच नसते. हे खरे आहे का? पान्याचे इतके प्रकार मिळतात, त्यांतला कोणता कोणत्या कामाला वापरावा? बोल्टला ऑइल लावून आवळावे की कोरडाच आवळावा? हाच पाना मला मोटारीच्या चाकांच्या नटांसाठीही वापरायचा आहे, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गोटीपाना

भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी २२ वर्षे जोडणी विभागात काम केले. पाने वाटणे, परत घेणे आणि तपासायला पाठवणे हेच माझे काम असल्यामुळे या विषयावर थोडे अधिकाराने लिहितो.

आपला पाना बहुधा चांगला आहे. चूक मापाच्या निवडीत झाली. क्लिकच्या पान्याच्या नळीत एक स्प्रिंग असते आणि तिच्या पुढे एक छोटा ठोकळा किंवा गोळी टेकलेली असते. मूठ फिरवून आपण ती स्प्रिंग कमी-जास्त दाबतो. ठरलेला जोर आला की ठोकळा आपल्या जागेवरून कलंडतो आणि डोक्याचा दांडा नळीच्या आतल्या बाजूवर आपटतो. त्या आपटण्याचा आवाज म्हणजेच क्लिक. पहिल्या रेघेच्या खाली स्प्रिंग इतकी सैल असते की ठोकळा कधी कलंडला हे हाताला आणि कानाला कळतही नाही. बहुतेक वेळा क्लिक होऊनही गेलेले असते, फक्त ते आपल्यापर्यंत पोचत नाही. त्यापुढे आपण जो जोर लावतो तो पाना अडवत नाही, कारण क्लिक ही फक्त सूचना आहे. तिथून पुढे हा पाना साध्या दांड्यासारखाच वागतो आणि बोल्ट आवळत जातो.

कमाल मापाच्या २० टक्क्यांखाली पाना वापरू नये, हा आमच्याकडचा जुना नियम होता. २१० च्या पान्यासाठी ही मर्यादा ४२ न्यूटन-मीटर होते, म्हणजे रेघ २८ पासून सुरू होत असली तरी भरवसा ४२ पासून ठेवावा. २४ न्यूटन-मीटरच्या कामाला तीन अष्टमांश इंच ड्राइव्हचा, १० ते ६० च्या आसपासचा पाना हवा. सहा मिलिमीटरच्या बोल्टांना, म्हणजे क्लच कव्हरसारख्या ठिकाणी, साधारण १० न्यूटन-मीटर लागतात, आणि तिथे पाव इंची लहान पानाच पाहिजे. थोडक्यात, एका पान्यात सगळे भागत नाही, आणि तसे भागते असे सांगणाऱ्या दुकानदाराकडून काहीच घेऊ नये.

आता हाताविषयी. मुठीवर मधोमध एक रेघ किंवा खोबण असते. मधले बोट तिच्यावर येईल असे धरून पाना नळीशी काटकोनात, सावकाश आणि एकसारखा ओढावा. हिसका दिला तर क्लिक होईपर्यंत जोर पुढे निघून गेलेला असतो. क्लिक झाले की थांबावे. खात्रीसाठी दोन-तीनदा टक-टक करण्याची सवय मी अनेक चांगल्या कारागिरांत पाहिली आहे, पण दर टक-टकीला नट थोडा पुढे सरकतो. मुठीला पाइप जोडून लांबी वाढवू नये, कारण जोर लावण्याची जागा बदलली की स्प्रिंगचा हिशेबही बदलतो. मूठ फिरवून माप लावल्यावर मागचे लॉक घट्ट करायला विसरू नये. सैल करण्यासाठी टॉर्क पाना वापरणे तर कटाक्षाने टाळावे, त्यासाठी टी-पाना किंवा टॉमी (साधा दांडा) आहे.

माप वाचताना नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. दांड्यावरची उभी रेघ आणि मुठीच्या कडेवरचा आकडा यांची बेरीज करायची असते. दांड्यावर ९८ ची रेघ दिसते आहे आणि मुठीवरचा २ मधल्या रेघेसमोर आला आहे, तर माप १०० झाले. शिवाय पान्यावर दोन एकके असतात, ती तपासून घ्यावीत. मॅन्युअलमध्ये पुष्कळदा किलोग्रॅम-मीटरही दिलेले असते, आणि १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. पान्याची दुसरी पट्टी बहुधा फूट-पौंडांची असते, आणि १ फूट-पौंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर. पट्टी चुकली की बोल्ट एक तृतीयांशाहून जास्त आवळला जातो.

काम झाले की पाना सर्वांत खालच्या रेघेवर आणून ठेवावा, म्हणजे स्प्रिंग ताणाखाली राहत नाही. त्या रेघेच्याही खाली मात्र सोडू नये, नाहीतर आतले भाग जागेवरून हलतात. बरेच दिवसांनी बाहेर काढल्यावर मधल्या मापावर पाच-सहा क्लिक काढावेत, म्हणजे आतले ग्रीस पसरते.

दोनचाकी

गोटीपाना काकांनी लिहिलेले सगळे पटले. काट्याच्या पान्याबद्दल मी थोडे लिहिते, कारण सायकल दुरुस्तीत मी तो रोज वापरते.

काट्याचा पाना म्हणजे एक जाड लवचीक दांडा आणि त्याच्या शेजारी डोक्याला जोडलेला, कुठेही न टेकणारा एक बारीक काटा. जोर लावला की दांडा वाकतो, काटा सरळच राहतो, आणि दोघांतले अंतर पट्टीवर दिसते. स्प्रिंग नाही, ठोकळा नाही, त्यामुळे बिघडण्यासारखे फारसे काही नाही. काटा शून्यावर नसेल तर तो हाताने हलकेच वाकवून शून्यावर आणता येतो, आणि कृष्णाकाठ यांच्या चुलत्यांना हा पाना आवडतो तो बहुधा याच कारणाने. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. मूठ मधल्या खिळीवर डोलते, ती डोलती राहील असेच धरायचे. मुठीचे टोक दांड्याला टेकले की माप चुकते. आणि डोळा काट्याच्या बरोबर वर हवा, तिरपे पाहिले तर एक-दोन न्यूटन-मीटरचा फरक सहज पडतो. ५ न्यूटन-मीटरच्या कामात एवढा फरक परवडत नाही.

कार्बनच्या सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) बहुधा ५ न्यूटन-मीटर लागतात, आणि तेवढ्यासाठी मी ४, ५, ६ असे ठरावीक मापाचे टी आकाराचे छोटे पाने ठेवते. हे पाने ठरल्या जोराला निसटतात, त्यामुळे ओढत राहण्याची चूक करायची म्हटली तरी होत नाही. हँडलबारच्या स्टेमला (हँडल पकडून धरणाऱ्या भागाला) चार बोल्ट असतात. ते एका बाजूचे पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूचे आवळले, तर पहिले दोन सैल पडतात, म्हणून आलटून पालटून, थोडे थोडे करत चारही बोल्ट मापावर आणते आणि शेवटी पुन्हा एक फेरी मारते. गेल्या आठवड्यात एका मुलाने आणलेल्या सायकलीत स्टेमच्या वरच्या फटीत नाणे बसत होते आणि खालची फट पूर्ण मिटली होती. पाना योग्य होता, क्रम चुकला होता.

गॅरेजवाला कराड

राग मानू नका, पण माझे वडील चाळीस वर्षे टॉर्क पान्याशिवाय इंजिने बांधत होते. एका पान्याला मूठ कुठे धरायची हे त्यांच्या हाताला ठाऊक होते: लहान बोल्टला पाना डोक्याजवळ धरायचा, मोठ्याला टोकाशी. सांगलीकरांचा बोल्ट हाताच्या अंदाजाने सहा वर्षे टिकला आणि टॉर्क पान्याने एका दिवसात गेला, हेही नजरेआड करू नये.

असे असले तरी माझ्या गॅरेजमध्ये मी टॉर्क पाना ठेवतो, आणि मुख्यतः चाकांसाठी ठेवतो. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट इतके आवळतात की रस्त्यात पंक्चर झाले तर स्टेपनी लावायला निघालेल्या माणसाला ते हलत नाहीत. लोक मग टॉर्क पाना घेऊन येतात, त्याच्यावर १०० लावतात, नटाला लावल्या लावल्या क्लिक होते आणि समाधानाने घरी जातात. नट १०० वर आहे की ३०० वर आहे, हे त्या क्लिकने कळत नाही. नट आधीच जास्त आवळलेला असेल तर तो सैल करून, हाताने टेकवून पुन्हा मापावर आणणे, हाच एक मार्ग आहे.

चाकाचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. लहान मोटारींना तो बहुधा ८५ ते ११० च्या दरम्यान असतो, पण आपल्या गाडीचा बघूनच लावावा. नट हाताने फिरवून टेकवावेत, चाक उचललेले असतानाच समोरासमोरच्या क्रमाने थोडे आवळावेत, आणि शेवटचा टॉर्क टायर जमिनीला टेकवून द्यावा, कारण हवेत चाक फिरते आणि पान्याला पाय रोवता येत नाहीत. अलॉय चाक असेल तर ८०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा पाहावे.

गोटीपाना

गॅरेजवाला यांच्या वडिलांच्या हाताला मान द्यावाच लागेल. पाना जवळ-लांब धरणे म्हणजे टॉर्कचेच गणित आहे, त्यांनी ते आकड्यांशिवाय केले. फक्त त्या हाताची प्रत काढता येत नाही, आणि दिवसात चारशे जोड्या आवळणाऱ्या पन्नास माणसांकडून तो अंदाज आम्हाला मागता येत नव्हता.

आता ऑइलच्या प्रश्नाकडे वळतो, कारण मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. टॉर्क पाना बोल्ट किती ताणला गेला हे मोजत नाही, तो बोल्ट फिरवायला किती जोर लागला एवढेच मोजतो. लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो आणि उरलेले जेमतेम १० टक्के बोल्टला ताण देतात. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावले की घर्षण कमी होते, आणि त्याच मापावर क्लिक होईपर्यंत बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. उलट आट्यांत गंज किंवा माती असली तर क्लिक होते, पण पकड काहीच बसलेली नसते. म्हणून मॅन्युअलमध्ये 'आट्यांना ऑइल लावून' असे लिहिले असेल तरच लावावे, एरवी आटे स्वच्छ आणि कोरडे असावेत. चाकांच्या नटांना ऑइल मुळीच लावू नये. स्पार्क प्लगच्या बाबतीत काही उत्पादक तर आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचे वंगण) लावू नका असे स्पष्ट बजावतात, कारण त्यांच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर एवढेच पुरतात, त्यामुळे तिथे चूक लगेच भोवते.

ड्रेन बोल्टविषयी एक गोष्ट राहिली. त्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा. दबलेला वॉशर पुन्हा वापरला की थेंब गळतो, थेंब गळला की माणूस आणखी आवळतो, आणि आटे बहुधा याच वाटेने जातात.

पवनचक्की

मी साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचे काम करतो. तुमच्या २४ न्यूटन-मीटरच्या चर्चेत माझे आकडे विचित्र वाटतील, पण तत्त्व तेच आहे. मनोऱ्याच्या दोन भागांना जोडणाऱ्या फ्लँजवर ३६ मिलिमीटरचे, १०.९ ग्रेडचे बोल्ट असतील तर प्रत्येकाला २८०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर द्यावा लागतो, आणि तो आकडा मोलिब्डेनमचे वंगण लावलेले आहे असे धरूनच दिलेला असतो. कोरड्या बोल्टला तोच जोर दिला तर ताण अपुरा राहतो. घर्षणाबद्दल वर लिहिले आहे, त्यातले अक्षर न अक्षर आम्हाला इथे अनुभवायला मिळते.

इतका जोर हाताने देता येत नाही, म्हणून हायड्रॉलिक पाना वापरतो. त्यात पंपाच्या दाबावरून टॉर्क ठरतो, आणि दाब व टॉर्क यांचा तक्ता पान्यासोबत मिळतो. लहान जागी टॉर्क मल्टिप्लायर, म्हणजे दातेरी चाकांची पेटी, उपयोगी पडते. हाताने १०० चा जोर लावला की पेटीच्या प्रमाणानुसार पुढे काही पट होऊन निघतो. दोन्हींना एक आधाराचा दांडा असतो, तो शेजारच्या बोल्टावर किंवा भिंतीवर टेकतो. जोर सुरू असताना त्या दांड्याच्या आणि आधाराच्या मध्ये बोट असेल तर ते वाचत नाही. नवीन माणसाला आम्ही आधी हात कुठे ठेवायचा हे शिकवतो, मग आकडे.

इंजिनाच्या हेडचे बोल्ट अलीकडे टॉर्क आणि अंश अशा दोन टप्प्यांत आवळायचे असतात, तेही इथे नोंदवतो. आधी ठरावीक जोर आणि मग ९० अंश फिरवायचे, असे लिहिलेले असेल तर दुसऱ्या टप्प्यात क्लिकचा उपयोग नाही. अंश दाखवणारी तबकडी किंवा इलेक्ट्रॉनिक पाना लागतो. यांतले पुष्कळसे बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात, ते पुन्हा वापरू नयेत.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. चूक माझीच होती हे आता कळले, आणि ते कळल्याचे दुःख नाही. एक उपप्रश्न विचारतो. मोटारीच्या एका पाइपच्या नटावर गोटी चढत नाही, तिथे उघड्या तोंडाचा क्रोफूट (ड्राइव्हवर बसणारे, बाजूने नट धरणारे पान्याचे तोंड) लावावा लागेल. त्यामुळे पान्याची लांबी वाढते, मग माप कसे लावावे?

गोटीपाना

क्रोफूट पान्याच्या सरळ रेषेत पुढे लावला तर माप कमी करावे लागते. पान्याच्या ड्राइव्हपासून मुठीच्या मध्यापर्यंतचे अंतर ४०० मिलिमीटर आहे आणि क्रोफूटने ५० मिलिमीटर पुढे वाढवले आहेत असे समजू. हवा असलेला टॉर्क १०० असेल तर पाना १०० गुणिले ४०० भागिले ४५०, म्हणजे ८९ वर लावायचा. क्रोफूट पान्याशी काटकोनात वळवून लावला तर मात्र हिशेब करावा लागत नाही. शक्य असेल तिथे मी काटकोनच पसंत करतो, कारण गणित चुकण्याची भीती राहत नाही. गोटीखालच्या सरळ एक्स्टेन्शनने माप बदलत नाही, फक्त ते तिरके होऊ देऊ नये. युनिव्हर्सल जॉइंट तिरका झाला की तो थोडा जोर खातो.

पाना तपासण्याबद्दल कोणी विचारले नाही, पण लिहितो. आयएसओ ६७८९ या मानकानुसार क्लिकच्या पान्याला १० न्यूटन-मीटरच्या वर अधिक-उणे ४ टक्के आणि त्याखाली ६ टक्के सूट आहे. दुसरी काही पद्धत ठरलेली नसेल तर १२ महिने किंवा ५००० क्लिक, यांतले जे आधी होईल तेव्हा पाना तपासून घ्यावा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत हे काम होते. घरच्या वापराला एवढे नको असेल तर शेगडा (व्हाइस), वजनकाटा आणि पाण्याची बादली पुरते. ड्राइव्हचा चौकोन शेगड्यात आडवा धरा, मुठीच्या मधल्या रेघेवर बादली टांगा आणि हळूहळू पाणी ओता. क्लिक झाले की बादलीचे वजन आणि तिचे ड्राइव्हपासूनचे अंतर यांच्या गुणाकारावरून जोर कळतो. पाय बाजूला ठेवा.

कृष्णाकाठ (प्रश्नकर्ता)

रविवारी करून पाहिले. मुठीची मधली रेघ ड्राइव्हपासून ४० सेंटिमीटरवर आहे. पान्याचे स्वतःचे वजन १.४ किलो भरले आणि बोटावर तोलल्यावर त्याचा मध्य १८ सेंटिमीटरवर आला, म्हणजे पाना स्वतःच सुमारे २.५ न्यूटन-मीटर जोर देतो, तो प्रत्येक वेळी मिळवला.

आधी पाना ४२ वर लावला. हिशेबाने बादलीसह १०.१ किलोला क्लिक यायला हवे होते, ते १०.३ ला आले, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४३ न्यूटन-मीटर. आवाज स्पष्ट होता आणि दांडा दिसेल इतका खाली झुकला. मग २८ वर लावला. इथे ६.५ किलोला क्लिक यायला हवे होते. मी कान लावून बसलो होतो, आवाज काहीच आला नाही, फक्त ७.४ किलोच्या सुमारास दांडा किंचित खाली गेल्यासारखा वाटला. तेवढा जोर ३१ न्यूटन-मीटरच्या वर जातो. ड्रेन बोल्टच्या दिवशी याच्याही खाली मूठ फिरवून मी आवाजाची वाट पाहत होतो.

तीन अष्टमांश इंचाचा, १० ते ५० चा पाना मागवला आहे. त्याच्यासोबत ड्रेन बोल्टचे चार वॉशरही मागवले आहेत. बादली आईने परत मागितल्यामुळे न्हाणीघरात ठेवून आलो.